एकशे सतरा

चलन आलं मोबाईलवर, जेवणाच्या सुट्टीत.
एमएच तेरा, पांढरी गाडी, बोरामणीच्या अलीकडं,
पहाटे पाच बावन्न.
मर्यादा नव्वद. वेग एकशे सतरा.
दंड दोन हजार.
खाली फोटो. मागची काच, नंबराची पाटी,
आणि डिकीवरचा पोचा,
जो मीच पाडलाय रिव्हर्स घेताना, नळाच्या खांबावर.
म्हणजे गाडी आमचीच.

पण पाच बावन्नला मी झोपलेला असतो.
आणि मी पन्नासच्या वर कधी गेलेलो नाही.
अक्कलकोट रोडला एकदा एक सायकलवाला
मला मागं टाकून गेला,
आणि वळून बघितलं त्यानं, काळजीनं.

घरात गाडी चालवणारे दोघं.
एक मी.
दुसरी शिरीषा, लायसन मिळून चार महिने.

विम्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.
हिरेमठांचं ऑफिस सात रस्त्याला, झेरॉक्सच्या वर,
जिन्यात कायम कुणाचं तरी लग्नाचं पोस्टर.
मी सहज विचारलं,
शेजाऱ्याचं दुखणं विचारावं तसं,
"चलन असलं की हप्ता वाढतो का हो?"
"तसा पक्का नियम मला तरी माहीत नाही, यादगिरी मामा.
येणार येणार म्हणतात.
पण कंपनीच्या डोक्यातलं आपल्याला काय दिसतंय?
तिकडं कॉम्प्युटर बघतो."

कॉम्प्युटरनं बघितलं.
गेल्या वर्षीपेक्षा अकराशे चाळीस जास्त.
"यात वेगाचे किती, महागाईचे किती?"
"ते वेगळं निघत नाही," म्हणाले.
हे मात्र मला पटलं.
हौदातून काढलेल्या ओल्या सुतात
पाणी किती, रंग किती,
हे आमच्या डायिंगवाल्याला पण कुणी विचारत नाही.

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.
"माझ्या वहीसाठी विचारतो. चालवत कोण होतं?"

तीस वर्षं मी लूमवर जॉबर.
धोटा मिनिटाला एकशे वीस वेळा जायचा.
एकशे सतरावर आला की मालकाचा भाचा कोपऱ्यातून ओरडायचा,
"मंद झालाय की बे, बघ जरा!"
मी पाना घेऊन वाकायचो, कान लावायचो,
आणि परत एकशे वीस.
एवढा वेग गेला माझ्या हाताखालून,
एवढे टॉवेल गेले, कुठल्या कुठल्या देशात गेले,
आणि मी पत्र्याखाली, त्याच फरशीवर.
त्या फरशीला माझ्या टाचांचे दोन खळगे आहेत.
कुणी कधी त्याचा फोटो काढला नाही.

"मीच होतो," म्हणालो.

हिरेमठांनी वर बघितलं.
त्यांनी मला गाडी चालवताना बघितलंय,
लग्नाला, मयतीला, सिव्हिलच्या पार्किंगात.
काही बोलले नाहीत.
लिहिलं.

घरी येताना आठवलं.
त्या दिवशी सकाळी पुढच्या काचेवर चिलटं चिकटली होती,
शेकड्यानं, कुणी फुंकून चिकटवल्यासारखी.
मीच पुसली, ओल्या टॉवेलनं,
कड वाकडी आली म्हणून मालकानं बाजूला टाकलेल्या.
तेव्हा विचार नाही केला
की उभ्या गाडीवर चिलटं अशी मरत नाहीत.

रात्री ताटावर मी विचारलं,
"बोरामणीच्या पुढं रस्ता कसाय?"
तिचा हात कडक भाकरीवर थांबला.
मोडायचा आवाज अर्धाच आला.
"सरळ आहे, नान्ना," मग म्हणाली.
"उजाडताना दोन्ही बाजूंना काहीच नसतं. नुसतं असतं."
तिची आई एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं.

मला खूप बोलायचं होतं.
दोन हजार, अकराशे चाळीस,
आणि ज्याचा आकडा कुठलाच हिरेमठ काढू शकत नाही ते.
"नव्वद," एवढंच म्हणालो.
"नव्वदला पण दिसतं ते."
तिनं शेंगाचटणीची वाटी माझ्याकडं सरकवली.

रविवारी पाचला जाग आली.
किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर.
मी पडून राहिलो, कान देऊन,
लूमजवळ उभा राहायचो तसा.